कारंजा ते मुंबई: विमानाला नेमका वेळ किती?

कारंजा (घाडगे) इथून मुंबईला विमानाने निघायचं, तर आधी उलटं पूर्वेला जावं लागतं. नागपूरचं सोनेगाव विमानतळ महामार्गाने सुमारे ८० किलोमीटर. तिथून मुंबई सरळ रेषेत साधारण ६८० किलोमीटर. रेल्वेमार्ग मात्र ८३७ किलोमीटरचा.

ताशी ८०० किलोमीटर वेगाने हे अंतर पन्नास-एक मिनिटांत संपायला हवं. तिकिटावर मात्र दीड तासाच्या आसपास वेळ दिसतो. विमान जागेवरून हललं की घड्याळ सुरू होतं. धावपट्टी गाठणं, वर चढणं, खाली येणं आणि मुंबईवर उतरण्यासाठी ताटकळणं, सगळं त्यात धरलेलं असतं. हिवाळ्यात उंचावर पश्चिमेचे जोरदार वारे असतात, म्हणून परतीचं विमान बहुधा लवकर पोचतं.

घरातून निघाल्यापासून मोजा: रस्ता दोन तास, विमानतळावर दोन तास आधी, शिवाय मुंबईत सामान घेऊन बाहेर पडणं. सहा तास सहज जातात.

एप्रिल २०२५पासून अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरूनही मुंबईची सेवा सुरू झाली. कारंज्याहून तेही जवळपास तेवढंच लांब, पण वाट मुंबईच्याच दिशेची. विमान पंख्याचं, वेगाला कमी. शिवाय सेवा सुरू झाली ती आठवड्यातल्या ठरावीक वारांपुरती. तेव्हा वार पाहूनच तिकीट काढावं.