इंजिनावरची तीन अक्षरं

यवतमाळची शकुंतला आठवते? मूर्तिजापूर ते यवतमाळ अशी धावणारी अडीच फुटी गेजची गाडी. १५ एप्रिल १९९४ ला तिचं वाफेचं इंजिन गेलं आणि डिझेल आलं. त्या डिझेलवर ठळक अक्षरं असायची: झेडडीएम. त्यांचा अर्थ फार कमी जणांना ठाऊक असतो, म्हणून लिहितोय.

पहिलं अक्षर रुळांचं. ब्रॉडगेजला डब्ल्यू, मीटरगेजला वाय, अडीच फुटी म्हणजे ७६२ मिलिमीटरला झेड, दोन फुटीला एन. दुसरं डी, म्हणजे डिझेल. तिसरं कामाचं: एम म्हणजे प्रवासी आणि माल दोन्ही ओढणारं. आपल्या कापसाच्या मुलखाला असंच इंजिन हवं होतं!

डब्यांचं गणित वेगळं आणि मला तर त्याहून जास्त आवडतं. पाच आकडी नंबर असला, तर पहिले दोन आकडे डबा बांधल्याचं वर्ष, शेवटचे तीन डब्याचा प्रकार. समजा ०८४२७ दिसला, तर डबा २००८ चा, आणि ४२७ हा ४०१ ते ६०० मधला, म्हणजे साधा जनरल.

ब्रिटनमध्ये रीत वेगळी. तिथे १९५४ पासूनच्या सुरुवातीच्या डिझेल रेलकारना ७९००० पासून नंबर दिले. पुढच्या गाड्यांना ५०००० ची मालिका. तिथे आकड्यावरून वर्ष कळत नाही, इंजिनवाला डबा की बिनइंजिनाचा हे मात्र कळतं.

आता आपल्या यवतमाळ जिल्ह्यातल्या कळंबपर्यंत वर्ध्याहून ब्रॉडगेज सुरू झालंय. कळंबला गेलात तर डब्याच्या कडेचा नंबर नक्की वाचा.