आपली दुचाकी, आपला पाना (भाग ४) : जुनं ऑइल काय सांगतं

ऐंशीच्या दशकात पेट्रोल पंपावर स्कूटर उभी राहिली की पेट्रोलबरोबर ऑइलही मापून टाकीत पडायचं. चेतक असो की राजदूत, टू-स्ट्रोक इंजिनात ऑइल पेट्रोलमध्ये मिसळूनच आत जाई आणि निळसर धूर होऊन बाहेर पडे. फार तर गिअरबॉक्सचं ऑइल मेकॅनिक अधूनमधून बदलायचा. १९८५ साली हीरो होंडाची सीडी १०० आली, १९९४ मध्ये स्प्लेंडर आली आणि फोर-स्ट्रोक मोटारसायकल गावोगावी पोचली. या इंजिनात ऑइल जळण्यासाठी टाकलेलं नसतं, ते आतच फिरत राहतं. फिरता फिरता खराब होतं आणि ठरावीक अंतरानंतर काढावं लागतं.

हे काढलेलं पाऊण-एक लिटर ऑइल बहुतेक मालकांच्या कधी दृष्टीसच पडत नाही. गाडी सकाळी गॅरेजला लागते, संध्याकाळी घरी येते. घरी ऑइल बदलल्याने मजुरीचे थोडे पैसे वाचतात, पण खरा फायदा वेगळाच आहे. इंजिनाच्या आत काय चाललंय, ते इंजिन न उघडता कळतं.

स्प्लेंडरचं इंजिन ९७.२ सीसीचं. ते मिनिटाला ८००० फेऱ्यांवर गेलं की पिस्टन सेकंदाला १३३ वेळा वर-खाली होतो. पिस्टन आणि सिलिंडर यांच्यामध्ये ऑइलचा पातळ थर नसेल तर धातूवर धातू घासेल. मोटारीत इंजिनाला एक ऑइल आणि गिअरबॉक्सला दुसरं असतं. मोटारसायकलीत सहसा एकच ऑइल पिस्टन, क्रँक आणि कॅमला पुरतं, गिअरच्या दात्यांमध्येही तेच चिरडलं जातं आणि क्लचच्या प्लेटाही त्यातच बुडालेल्या असतात.

मोटारीचं उरलेलं ऑइल दुचाकीत ओतू नये ते याच क्लचमुळे. मोटारींच्या अनेक ऑइलांत घर्षण कमी करणारी रसायनं घातलेली असतात. इंधन वाचवायला ती चांगली, पण क्लचच्या प्लेटांना घट्ट धरायला घर्षणच लागतं. असं ऑइल गेलं की घाटात इंजिन ओरडतं आणि गाडी मात्र पुढे सरकत नाही. ही अडचण ओळखून जपानच्या वाहन मानक संस्थेने, म्हणजे जासोने, १९९८ मध्ये दुचाकींच्या ऑइलसाठी वेगळं मानक आणलं. बाटलीच्या मागच्या बाजूला जासो एमए किंवा एमए२ लिहिलेलं असेल तर ते ऑइल ओल्या क्लचच्या मोटारसायकलीला चालतं. एमबी हे बहुतांश गिअरलेस स्कूटरांसाठी असतं, कारण त्यांचा क्लच ऑइलमध्ये बुडालेला नसतो. दुकानदार ब्रँड विचारतो, गिऱ्हाइकाने आधी ही दोन अक्षरं विचारावीत.

दुसरी गोष्ट ग्रेडची. स्प्लेंडरला १०डब्ल्यू-३०, पल्सर १५० ला २०डब्ल्यू-५०. पहिला आकडा थंड ऑइल किती सहज वाहतं ते सांगतो, दुसरा १०० अंश सेल्सिअसला ते किती दाट राहतं ते. विदर्भातल्या उन्हाळ्यात पुष्कळ जण ‘ऊन फार आहे, जाड ऑइल टाका’ असं म्हणतात. बाहेर ४५ अंश असोत की २०, चालत्या इंजिनातलं ऑइल शंभराच्या आसपासच तापलेलं असतं आणि कंपनीने ग्रेड ठरवताना तोच हिशेब केलेला असतो. लहान इंजिनाच्या अरुंद वाटांमधून जाड ऑइल सकाळी उशिरा वर पोचतं आणि ॲव्हरेजही घटतं. तेव्हा पुस्तिकेत जो ग्रेड असेल तोच घालावा.

आता प्रत्यक्ष काम. गाडी सपाट जागी डबल स्टँडवर लावायची, दोन-तीन मिनिटं इंजिन चालू ठेवून बंद करायचं. कोमट ऑइल पातळ होऊन नीट निथळतं आणि खाली बसलेला गाळही सोबत घेऊन येतं. लांबून आलेल्या गाडीचा बोल्ट मात्र लगेच सोडू नये, हात भाजतो. इंजिनाखाली पसरट भांडं ठेवायचं, ऑइल भरायचं झाकण सैल करायचं आणि मग ड्रेन बोल्ट सोडायचा. स्प्लेंडरला १७ नंबरचा पाना लागतो. फिक्स पाना घसरून बोल्टचे कोपरे गोल करतो, म्हणून रिंग पाना किंवा गोटी पाना घ्यावा.

बोल्टचं तोंड जमिनीकडे असतं. वरून वाकून पाना फिरवणाऱ्याला दिशा उलटी दिसते, आणि सोडतोय असं समजून तो आवळत जातो. यातच बरेच बोल्ट वाया जातात. डोकं खाली नेऊन बोल्टकडे समोरून बघावं आणि घड्याळाच्या उलट फिरवावं. काही गाड्यांत खालच्या ड्रेनच्या झाकणामागे स्प्रिंग आणि जाळी असते, ती सुटताच भांड्यात पडते. कोणता भाग कसा बसला होता त्याचा आधी मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. स्प्लेंडरमध्ये बदलायचा कागदी फिल्टर नाही. पल्सर, बुलेटसारख्या गाड्यांत फिल्टर असतो आणि तो आपल्या ओ-रिंगसह बदलावा लागतो.

दहा मिनिटं ऑइल निथळू द्यायचं. मग बोल्ट पुसायचा, नवा वॉशर घालायचा आणि पहिले काही फेरे नुसत्या बोटांनी फिरवायचे. बोल्ट पोलादी असतो, इंजिनाचं कवच ॲल्युमिनियमचं. बोल्ट तिरका बसला किंवा अंगाचा जोर लावून आवळला तर कवचातले आटे जातात, आणि मग लेथवाल्याकडे जाऊन हेलिकॉइल बसवून घेण्यावाचून मार्ग उरत नाही. वॉशर टेकल्यावर पान्याने थोडा नेमका ताण द्यायचा, बस्स. टॉर्क रेंच असेल तर पुस्तिकेतला आकडा पाळावा. घरी बिघडलेल्या कामांत सर्वांत महाग पडतं ते हे जादा आवळणं.

नवं ऑइल एका दमात ओतू नये. स्प्लेंडरला ऑइल बदलताना सुमारे ८०० मिलिलिटर पुरतं. आधी ७०० ओतावं, इंजिन दोन-तीन मिनिटं चालवावं, बंद करून थोडं थांबावं आणि मग पातळी बघावी. हीरो, होंडाच्या बऱ्याच गाड्यांत झाकणाची पट्टी पुसून नुसती टेकवून बघतात, पिळत नाहीत. पिळून पाहिली तर आकडा जास्त दिसतो आणि मालक कमी ऑइलवर गाडी चालवत राहतो. पल्सरला आणि बुलेटच्या अलीकडच्या मॉडेलना बाजूला काच असते, तिथे थेट दिसतं. जास्त ऑइलही वाईटच. ते घुसळून फेसाळतं आणि ब्रीदरवाटे एअर फिल्टरपर्यंत जातं.

यानंतर भांड्यातल्या काळ्या ऑइलकडे वळायचं.

काळं दिसलं म्हणून घाबरायचं कारण नाही. काजळी धरून ठेवणं हे ऑइलमधल्या डिटर्जंटचं कामच आहे. आधी माप घ्यावं. ऑइल रिकाम्या बाटलीत ओतून पाहावं. ८०० भरलं होतं आणि खाली गळती नसताना ५००च निघालं तर इंजिन ऑइल पितंय, म्हणजे पिस्टनच्या रिंगा किंवा व्हॉल्व्हचे सील तपासायला हवेत. पेट्रोलचा उग्र वास आला तर पेट्रोल खाली उतरतंय. कार्बोरेटरच्या जुन्या गाडीत फ्लोट किंवा पेट्रोलचा कॉक दोषी असू शकतो. टॉर्चच्या उजेडात धरून पाहिल्यावर बारीक चमक दिसली तर नव्या गाडीच्या पहिल्या सर्व्हिसला ते साहजिक आहे. त्यानंतर मात्र नखाला लागतील असे तुकडे दिसले तर गाडी चालवू नये. चुंबकाला चिकटणारे तुकडे गिअर किंवा बेअरिंगचे असण्याची शक्यता मोठी.

ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं तर त्यात पाणी शिरलंय. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरला आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूणला पूर आला, तेव्हा असंख्य दुचाक्या बुडाल्या. बुडालेल्या गाडीला किक मारणं किंवा सेल्फ दाबणं म्हणजे ते पाणी बेअरिंगपर्यंत पोचवणं. आधी ऑइल काढायचं, सिलिंडरमधलं आणि एअर फिल्टरमधलं पाणी बघायचं, नवं ऑइल भरून थोडा वेळ चालवायचं आणि तेही काढून पुन्हा भरायचं. दोनदा ऑइल घालणं इंजिनकामाच्या खर्चापुढे काहीच नाही.

किती किलोमीटरला बदलायचं यावर गॅरेजोगॅरेजी वेगळं मत आहे. स्प्लेंडरच्या पुस्तिकेत दर ६००० किलोमीटरला बदल आणि मध्ये ३००० ला पातळी बघून भर, असं येतं. रोज धुळीत, गर्दीत, दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्या असतील तर त्याआधी बदलणं शहाणपणाचं. वॉरंटीतल्या गाडीचं काम मात्र अधिकृत सर्व्हिस सेंटरलाच करावं आणि बिल जपावं.

राहिलं ते जुनं ऑइल. गावाकडे हे जळकं ऑइल वाया घालवत नाहीत. लाकडाला वाळवी लागू नये म्हणून ते फासतात, सेंट्रिंगच्या प्लेटांना लावतात, गाडीच्या चेनवरही सोडतात. चेनला ते मुळीच लावू नये, त्यातला कचरा चेन आणि स्प्रॉकेट झिजवतो. या ऑइलमध्ये धातूंचे अंश असतात आणि ज्वलनातून तयार होणारी, काही कर्करोगकारक असलेली संयुगंही असतात. म्हणून हातमोजे घालावेत आणि लहान मुलं खेळतात तिथल्या लाकडाला ते फासू नये. गटारात किंवा अंगणाच्या कोपऱ्यात ओतणं तर सर्वांत वाईट. २०१६ च्या घातक कचरा नियमांत वापरलेलं ऑइल घातक कचऱ्यात मोडतं. १ एप्रिल २०२४ पासून ते गोळा करून पुनर्वापरात आणण्याची जबाबदारी उत्पादकांवरही टाकली आहे. व्हॅक्यूम डिस्टिलेशनसारख्या प्रक्रियेतून त्यापासून पुन्हा बेस ऑइल काढता येतं.

नव्या ऑइलची रिकामी झालेली बाटली जुनं ऑइल भरायला हाताशीच असते. झाकण घट्ट लावून ती जवळच्या सर्व्हिस सेंटरमध्ये द्यावी. तिथे जुन्या ऑइलचं पिंप असतं आणि ते न्यायला माणूस येतो. त्यात पाणी, पेट्रोल किंवा रॉकेल मिसळू नका, मिसळलेलं ऑइल पुन्हा वापरात आणणं अवघड होतं. बाटली देताना त्यांचं पिंप शेवटी कुणाकडे जातं, हेही एकदा विचारून घ्या.