‘मृगनयनी’ आणि माझे तीन रकाने

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या मराठी घरात ऐतिहासिक कादंबरी म्हटली की हरिभाऊ आपटे. पण ग्वाल्हेरच्या किल्ल्याची कादंबरी हिंदीत आहे: वृंदावनलाल वर्मांची १९५० सालची ‘मृगनयनी’. राजा मानसिंह तोमर आणि त्याची गूजर राणी यांची गोष्ट.

ती वाचताना मी वहीत तीन रकाने पाडते. पहिला इतिहासाचा: मानसिंहाचं राज्य, सिकंदर लोदीशी झुंज, किल्ल्यावरचं मानमंदिर, पायथ्याचा गूजरी महाल. दुसरा दंतकथेचा: माहेरच्या नदीचं पाणी महालापर्यंत आणा, ही राणीची अट. तिसरा लेखकाच्या काळाचा, आणि तोच सगळ्यांत लांबतो. कादंबरीतल्या लाखी आणि अटल यांचं लग्न जातीबाहेरचं, म्हणून त्याला विरोध होतो. पंधराव्या शतकातल्या या भांडणात मला नुकत्याच स्वतंत्र झालेल्या देशाचे वाद ऐकू येतात. राज्यघटना लागू झाली तीही १९५० सालीच.

वर्मा झाशीचे वकील. कागद नसेल तिथे लोकांच्या आठवणीला ते साक्षीला बोलावतात. उलटतपासणी आपण घ्यायची. गूजरी महालात आता पुरातत्त्व संग्रहालय आहे. अवश्य पाहा, पण कादंबरी आधी वाचा.