पांढऱ्या पेशींचा मुक्काम

मॅरेथॉन धावून आलेल्या माणसाच्या पांढऱ्या पेशी मोजाव्यात, असं कुणाच्या डोक्यात यावं? बॉस्टनच्या लॅराबी नावाच्या डॉक्टरच्या आलं. १९०२ साली त्याने छापलेल्या निबंधात बॉस्टन मॅरेथॉनच्या धावपटूंच्या रक्तातल्या पेशींची शर्यतीआधीची आणि नंतरची मोजणी आहे. नंतरचे आकडे भलतेच चढलेले, अंगात मोठा जंतुसंसर्ग असावा तसे. आणि धावपटू तर ठणठणीत!

काही तासांत इतक्या पेशी नव्याने घडवणं अस्थिमज्जेला जमत नाही. न्यूट्रोफिल या प्रकारची एक पांढरी पेशी तयार व्हायला काही दिवस लागतात. म्हणजे त्या पेशी शरीरात होत्याच, फक्त दुसरीकडे होत्या.

आपल्या सीबीसीच्या, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीच्या, रिपोर्टवर पांढऱ्या पेशींसाठी साधारण ४,००० ते ११,००० अशी मर्यादा छापलेली असते. आकडा तिच्या आत दिसला की आपण कागदाची घडी घालतो. पण हा आकडा एकूण साठ्याचा नव्हेच. लिम्फोसाइट हा पांढऱ्या पेशींचा दुसरा प्रकार; शरीरातल्या अशा सगळ्या पेशींपैकी जेमतेम २ टक्के एका वेळी रक्तात असतात. बाकीच्या लसिकाग्रंथी, प्लीहा, आतडी, अस्थिमज्जा अशा ठिकाणी मुक्कामाला. रक्तवाहिन्यांतल्या न्यूट्रोफिलपैकीही जवळजवळ निम्मे भिंतीला लगटून असतात, स्टँडवर लागलेल्या रिक्षांसारखे. सुईत येतात ते फक्त धावते. अ‍ॅड्रेनलिन वाढलं की काही मिनिटांत स्टँड रिकामा होऊ लागतो.

मग कुणी कुठे थांबायचं आणि कधी निघायचं, हे ठरवतं कोण? बऱ्याच अंशी चेतासंस्था. अनुकंपी चेतातंतू, म्हणजे भीती वाटली की छाती धडधडवणारे तेच, थेट हाडाच्या आत अस्थिमज्जेपर्यंत पोचलेले असतात. तिथे ते नॉरअ‍ॅड्रेनलिन सोडतात. रक्तपेशींना जन्म देणाऱ्या मूळ पेशींना तिथे धरून ठेवणारं सीएक्ससीएल-१२ नावाचं एक प्रथिन आसपासच्या पेशी बनवत असतात. नॉरअ‍ॅड्रेनलिन आलं की त्यांचं हे काम मंदावतं, पकड सैल होते आणि मूळ पेशी रक्तात उतरतात. उंदरांमध्ये हे रोज ठरल्या वेळी घडतं, असं फ्रेनेट आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये दाखवलं. हाडाला घड्याळ कळतं, हे वाचून मी तरी चाट पडलो.

गंमत म्हणजे तेच नॉरअ‍ॅड्रेनलिन लसिकाग्रंथीत नेमकं उलटं करतं. तिथे लिम्फोसाइटच्या अंगावरच त्याचा ग्राहक (रिसेप्टर) असतो. तो चेतवला गेला की पेशी ग्रंथीतच रेंगाळतात, बाहेर पडत नाहीत. जपानमधल्या ओसाका विद्यापीठातल्या सुझुकी यांच्या गटाने हे उंदरांत उलगडलं. रात्री, म्हणजे उंदरांच्या जागेपणी, हे तंतू जास्त चेतलेले असतात आणि ग्रंथी भरलेल्या. त्या वेळी लस टोचली तर प्रतिपिंडंही जास्त बनली.

पण मला सगळ्यात थक्क केलं ते न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय इथल्या संशोधकांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगाने. उंदराला अडकवून ठेवलं की काही मिनिटांत त्याच्या रक्तात न्यूट्रोफिल वाढायचे, लिम्फोसाइट आणि मोनोसाइट (पांढऱ्या पेशींचा आणखी एक प्रकार) मात्र घटायचे. हे दोन हुकूम मेंदूच्या दोन वेगळ्या भागांतून निघतात, असं दिसलं. प्रकाशाने चेतवता येतील अशा चेतापेशी वापरून संशोधकांनी हालचाल घडवणारा भाग तेवढा जागा केला. लगेच स्नायूंमधून रासायनिक बोलावणं सुटलं आणि न्यूट्रोफिल अस्थिमज्जेतून बाहेर पडले. हातपाय हलवण्यापलीकडे स्नायूंचं हेही काम असेल, असं कुणाला वाटलं असतं? दुसरा हुकूम हायपोथॅलॅमसच्या एका ठिपक्याएवढ्या केंद्रातून येतो. तो स्टेरॉइड संप्रेरकांच्या वाटेने लिम्फोसाइट आणि मोनोसाइट यांना अस्थिमज्जेत पाठवतो.

पळणाऱ्या प्राण्याला जखम होण्याचा संभव मोठा. तेव्हा जखमेवर पहिले धावणारे न्यूट्रोफिल आधीच वाटेला लागलेले बरे, असा याचा अर्थ मला लागतो. या व्यवस्थेला किंमतही आहे. लिम्फोसाइटच्या या स्थलांतरामुळे स्वतःच्याच शरीरावर उलटणाऱ्या आजारापासून उंदरांना संरक्षण मिळालं, पण इन्फ्लुएन्झा आणि कोविडच्या विषाणूंशी लढताना तेच उंदीर कमी पडले.