जुना सा, नवा सा : चर्चमध्ये कीबोर्डवर पट्टी बदलताना

आजचा विषय एका श्रोत्याच्या प्रश्नातून निघाला आहे. ते चर्चमध्ये कीबोर्ड वाजवतात. त्यांचा प्रश्न असा : "उपासनेत एक गीत संपवून दुसऱ्याची पट्टी धरतो तेव्हा माझी बोटं बरोबर पडतात, पण मंडळी पहिल्या दोन ओळी चाचपडतात. चुकतं कुठे?" असा प्रश्न तत्त्वज्ञानाच्या मास्तरला कशाला विचारायचा, असं वाटेल. पण हा प्रश्न नात्यांचा आहे, आणि नाती म्हणजे आमचंच खातं.

मराठी चर्चमध्ये ही अडचण जरा जास्त येते, त्याला कारण आहे. 'उपासनासंगीत' उघडून बघा. त्यात दोन प्रवाह दिसतात. एक पाश्चात्त्य चालींवर बसवलेल्या भाषांतरित गीतांचा, दुसरा देशी चालींच्या भजनांचा आणि पदांचा. हा दुसरा प्रवाह रुंद केला रेव्हरंड ना. वा. टिळकांनी (१८६१–१९१९). १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला, पण ओवी-अभंगावर वाढलेला कान माणूस काही दाराबाहेर काढून ठेवत नाही. तर पहिल्या प्रकारच्या गीतात सुरावटीच्या खाली कॉर्ड बदलत चालतात. दुसऱ्यात खाली एक सा धरलेला असतो आणि वर सगळा संसार. एकाच रविवारी, एकाच कीबोर्डवरून वादकाला इकडून तिकडे जायचं असतं. भजन सांगणाऱ्याच्या गळ्याला काळी एक सोयीची, आणि पुढच्या गीताची छापील पट्टी भलतीच.

आता आपल्या कानाची सवय लक्षात घ्या. आपल्या मैफलीत तंबोरा एकदा जुळला की सा हलत नाही. राग बदलतात, ठेका बदलतो, सा तोच. त्यामुळे सा हलणं ही आपल्या कानाला मोठी घटना वाटते. बाखनं १७२२ साली बाराही सुरांवर, मेजर आणि मायनर दोन्हींत, एकेक रचना करून चोवीस रचनांचा संग्रह केला. त्या परंपरेत घर बदलणं हा रोजचा व्यवहार आहे. आपल्याकडे तसा नाही. म्हणून पट्टी बदलणं म्हणजे बोटं सरकवणं नव्हे. शंभर माणसांच्या कानात बसलेला सा उचलून दुसरीकडे ठेवायचा आहे, आणि तोही त्यांनी तोंड उघडायच्या आधी.

हे कसं करायचं? युक्ती आपल्याच शास्त्रात आहे : मूर्च्छना. भूपाचे पाच सूर घ्या, सा रे ग प ध. एकही नवी कळ न दाबता गंधाराला सा माना, मालकंस होतो. पंचमाला सा माना, दुर्गा होतो. सूर तेच, नातं बदललं. विटगेनस्टाइननं एका चित्राची चर्चा केली आहे, ज्यात बदक बघावं तर बदक दिसतं आणि ससा बघावा तर ससा. कागदावरची रेघ हलत नाही, बघणं हलतं. पट्टी बदलताना नेमकं हेच घडवायचं असतं : दोन्ही पट्ट्यांत बसणारा एखादा सूर धरून ठेवायचा आणि त्याचं नाव बदलायचं.

आता पेटीवर बघू. पांढरी एकमधून पांढरी दोनमध्ये जायचं आहे. उजव्या हातात सा, ग, प आहेत. यातले ग आणि प सोडायचेच नाहीत. अंगठा फक्त सा वरून शेजारच्या काळी एकवर सरकवा, आणि डाव्या हातानं पांढरी सहा दाबा. (वाजवून दाखवलं.) ऐकलंत? गाडी फाटकाशी थांबल्यासारखं वाटतं. जुना ग आता नव्या पट्टीचा रे झाला, जुना प झाला मध्यम. काळी एक हा नवा निषाद आणि डाव्या हातात नवा पंचम. निषादाला सा कडे जायची घाई असते, मध्यमाला गंधारावर उतरायचं असतं. त्यांना जाऊ द्या. नवा सा आपोआप कानात बसतो, कुणाला सांगावं लागत नाही.

शेवटच्या कडव्याला अर्धा सूर चढवायचा असेल, पांढरी एकवरून काळी एकवर, तर गंमत आणखी मोठी आहे. इथे जुना सा हाच नवा निषाद होतो! तो धरून ठेवा, डावीकडे काळी चार द्या, वर काळी दोन आणि काळी तीन मिसळा. ज्या सुरावर सगळे विसावले होते, तोच आता अस्वस्थ होऊन वर ढकलतो. हा प्रकार परिणामकारक आहे म्हणूनच दर रविवारी करू नये. प्रत्येक गीताच्या शेवटी पट्टी चढवणारा वादक मला प्रत्येक वाक्य ओरडून संपवणाऱ्या वक्त्यासारखा वाटतो.

उलट दिशेचं एक उदाहरण देतो. भजन काळी चारमध्ये संपलं, पुढचं गीत पांढरी पाचमध्ये आहे. शेजारच्याच कळा, पण नातं दूरचं. दोघांना जोडणारा सूर पांढरी एक : काळी चारचा तो गंधार, पांढरी पाचचा मध्यम. तो धरा, डावीकडे पांढरी दोन द्या, वर काळी तीन आणि पांढरी सहा. झालं.

इथे एक सावधगिरी. भजन भूपातलं असेल, तर त्यात म आणि नी नाहीतच. भजनाचा शेवटचा ठेका चालू असतानाच तुम्ही वरची कॉर्ड मारलीत, तर परके सूर मध्येच घुसतात आणि भजनाचा रंग उतरतो. आधी समेवर येऊन भजन पुरतं संपू द्या. आणि पुढचंही भजनच असेल तर कॉर्डच्या भानगडीत न पडता नव्या पट्टीचे सा आणि प नुसते धरा, तंबोऱ्यासारखे, चार-आठ मात्रा.

बरेच जण म्हणतील, सर, आमच्या कीबोर्डवर ट्रान्सपोजचं बटण आहे, एवढा खटाटोप कशाला? बटण वाईट नाही. आपली स्केल चेंजर पेटी तेच करते : आतले सूर जागच्या जागी, कळांचा पट्टा सरकतो. पण बटण वादकाची बोटं वाचवतं, गाणाऱ्यांचा कान नाही. बटण दाबून थेट गीत सुरू केलं की मंडळी जुन्या सा वरच उभी असतात. त्यावर सोपा उपाय आहे. बटण दाबल्यावर आधी तुमच्या नेहमीच्या पट्टीतली प-नी-रे-म ही कॉर्ड वाजवा, मग सा-ग-प. बटणामुळे ती आपसूक नव्या पट्टीची होते, म्हणजे बोटांना ही एकच जोडी शिकायची. मात्र धरलेला सूर नाव बदलतो, ती गंमत यात हाती लागत नाही. आणि उपासना संपल्यावर बटण शून्यावर आणा हो, नाहीतर पुढचा वादक गोंधळतो.

वेळ किती लागतो? चार मात्रा जुना सा, चार मात्रा नव्या पंचमाची कॉर्ड, आणि मग गीताची शेवटची ओळ वाजवून सुरुवात. पहिली नाही, शेवटची. कारण बहुतेक चाली शेवटी सा वर येऊन टेकतात आणि लोकांना घर दिसतं.

दोन गीतांच्या मध्ये प्रार्थना किंवा शास्त्रवाचन असेल तर मात्र हा पूल बांधूच नका. तोवर जुना सा बहुतेकांच्या कानातून गेलेला असतो. नुसता नवा द्या. प्रार्थनेच्या खाली सतत कीबोर्ड वाजवत राहायची हल्ली टूम आहे, मला ती आवडत नाही. शांततेतही पट्टी बदलता येते, आणि तिला एक बोटही लागत नाही.

घरी सराव करताना कीबोर्ड वाजवा आणि गा. पुलाची कॉर्ड दाबून हात उचला, आणि नवा सा गळ्यातून काढा. मग कळ दाबून ताडून बघा. तुम्हाला तो सापडला, तर मंडळींनाही सापडेल.