आई-बाबांना डिस्नी वर्ल्ड दाखवताय? आधी खोली नीट निवडा

अमेरिकेत लेकाकडे-लेकीकडे आलेल्या आई-बाबांना घेऊन ऑर्लँडोला जाणारी मराठी कुटुंबं पुष्कळ. तिकिटांचा खल रात्र रात्र चालतो, खोली मात्र फोटो बघून ठरते. माझं आग्रहाचं सांगणं, खोलीपासूनच सुरुवात करा.

डिस्नीच्या हॉटेलांपैकी कॅरिबियन बीच रिसॉर्ट देखणं आहे, पण तळ्याभोवती ऐसपैस पसरलेलं. इमारती दुमजली, लिफ्ट नाही. गुडघे दुखत असतील तर तळमजलाच मागा. याउलट १९७१ सालच्या कंटेम्पररी या हॉटेलच्या मुख्य टॉवरमधून मोनोरेल आरपार जाते, स्टेशन इमारतीतच. मॅजिक किंगडम हे थीम पार्क पायीही गाठता येतं. भाडं चढं आहे खरं, पण भर दुपारी आईला तासभर आडवं होता येतं, हे सुख मोठं.

बजेट बेताचं असेल तर डिस्नीचंच पॉप सेंच्युरी हॉटेल बघा. तिथे लिफ्ट आहे. थोडे जास्त पैसे भरून ‘प्रिफर्ड’ खोली घेतली की जेवणाची जागा आणि बस जवळ पडते. दुसरा पलंग भिंतीतून खाली ओढायचा असतो. तो तुम्ही घ्या, कायमचा पलंग आई-बाबांना द्या.

आणि बाथरूम! टबची उंच कड ओलांडताना तोल जातो. ‘ॲक्सेसिबल’ खोलीतही कधी टबच असतो, फक्त धरायला दांडे असतात. म्हणून बुकिंग करतानाच ‘रोल-इन शॉवर’, म्हणजे कड नसलेला शॉवर हवा, असं स्पष्ट सांगा.