बिलावरील शब्दांचा अर्थ

दूरचित्रवाणी, ब्रॉडबँड आणि मोबाईल यांचे शुल्क आपण निमूटपणे भरतो. परंतु बिलावरील शब्द अनेकांना अपरिचित असतात. ज्याचे पैसे मोजतो त्याचा अर्थ जाणणे, हा ग्राहकाचा अधिकार आहे.

प्रथम वेगाविषयी. ‘४० एमबीपीएस’ म्हणजे सेकंदाला ४० मेगाबिट. फाइलचा आकार मात्र मेगाबाइटमध्ये मोजतात आणि ८ बिट मिळून १ बाइट होतो. म्हणून या जोडणीवर सेकंदाला जास्तीत जास्त ५ मेगाबाइट मजकूर येतो. ३०० मेगाबाइटचे व्याख्यान उतरवून घेण्यास किमान एक मिनिट लागते.

‘अनलिमिटेड’ या शब्दामागे बहुधा ‘एफयूपी’ म्हणजे रास्त वापराची मर्यादा असते. ती ओलांडल्यावर जोडणी चालू राहते, पण वेग घटतो. मुलीचा ऑनलाइन वर्ग महिनाअखेरीस अडखळतो, त्याचे कारण हेही असू शकते. म्हणून योजना घेतानाच मर्यादा किती व नंतरचा वेग किती, हे विचारावे.

दूरचित्रवाणीवरील ‘एफटीए’ वाहिनीला स्वतंत्र किंमत नसते. तरीही केबल वा डीटीएच सेवेचे नेटवर्क शुल्क द्यावे लागते. प्रसार भारतीच्या डीडी फ्री डिशला मात्र मासिक शुल्क नाही. डिश व सेट-टॉप बॉक्सचा खर्च तेवढा करावा लागतो.

‘पोर्टेबिलिटी’ म्हणजे मोबाईल क्रमांक तोच ठेवून कंपनी बदलणे. ही सोय २०११ पासून देशभर उपलब्ध आहे. सेवा असमाधानकारक असेल, तर ग्राहक अडकून पडलेला नाही.

माजी विद्यार्थ्यांनी आपल्या वस्तीतील वडीलधाऱ्यांना हे शब्द उलगडून सांगावेत. शिक्षणाचा उपयोग अशा लहान व्यवहारांतही व्हावा.